बशीतला चहा आणि डब्यातली पत्ती

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा गुंड्या हा साडेतीन वर्षांचा पांढरा स्पिट्झ, वजन आठ किलो. सासरे रोज दोन्ही वेळा आपल्या कपातला चहा बशीत ओतून त्याला देतात, सोबत बिस्किटाचा तुकडा. तीन वर्षांत कधी काही झालं नाही. परवा रात्री मात्र गुंड्याने ओल्या कचऱ्याचा डबा पाडला आणि त्यातला चहाचा चोथा खाल्ला. मग रात्रभर धापा टाकत घरात फेऱ्या मारत राहिला, दोन उलट्या झाल्या, चार ठिकाणी लघवी केली. घरच्यांनी दूध-तूप पाजलं. सकाळी तो शांत झाला. ताईंना विचारायचंय की हे चहानेच झालं का, रोजची बशी बंद करायची का, आणि पुन्हा अशी रात्र आली तर काय करायचं. घरात यावरून वाद चाललाय. सासरे म्हणतात, बशीभर चहाने कुत्रं मरत नसतं.

ताई, आधी सासऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्याला मला 26 वर्षं झाली. तेव्हापासून इंदूरमध्येच कुत्र्या-मांजरांवर उपचार करतोय. बशीभर चहा प्यायला म्हणून दगावलेला मोठा, धडधाकट कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. त्याचं कारण साध्या हिशोबात आहे आणि तो हिशोब एकदा समजून घेतला की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

कुत्र्याच्या पोटात गेलेलं कॅफीन नेहमी त्याच्या वजनाशी ताडून बघायचं. एक किलो वजनामागे साधारण 20 मिलिग्रॅम गेलं की बेचैनी, उलटी, धाप आणि सारखी लघवी सुरू होते. 40 ते 50 च्या घरात गेलं की हृदयाची लय बिघडते. 60 च्या आसपास झटके येतात. 100 ते 200 च्या दरम्यान जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो, आणि नाजूक कुत्रा त्याच्या बऱ्याच आधीही जाऊ शकतो. आता आपल्या घरच्या दुधाच्या चहाच्या छोट्या कपात 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन धरा. बशीत कपाचा तिसरा हिस्सा गेला तर 10 ते 16 मिलिग्रॅम. गुंड्या आठ किलोचा, म्हणजे त्याला किलोमागे दोन मिलिग्रॅमही पुरते मिळत नाहीत. ज्या मात्रेला त्रास सुरू होतो तिच्या दहाव्या हिश्शाइतकी ही मात्रा.

म्हणून सासऱ्यांना "तुम्ही त्याला विष पाजत होतात" असं कृपा करून म्हणू नका. हिशोब तसं सांगत नाही, आणि तीन वर्षं मायेने बशी पुढे करणाऱ्या माणसाला ते फार लागेल.

पण हीच बशी दीड महिन्याच्या, किलोभर वजनाच्या पिल्लापुढे ठेवली तर किलोमागे 16 मिलिग्रॅम होतात. पिल्लू थेट कड्यावर येऊन उभं राहतं. चहा कडक असेल, दोन बशा झाल्या असतील, तर कड्याच्या पलीकडे. त्यामुळे "कुत्र्याला चहा चालतो का" या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मी कधीच देत नाही. आधी वजन विचारतो.

आता चोथा. तुमच्या घरी किती माणसं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाच माणसं आणि दिवसाचे बारा-पंधरा कप धरले तर 25 ते 30 ग्रॅम पत्ती लागते. कोरड्या पत्तीत वजनाच्या दोन ते चार टक्के कॅफीन असतं, म्हणजे 30 ग्रॅममध्ये 900 मिलिग्रॅमच्या आसपास. उकळल्यावर त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं, पण सगळं नाही. मागे पाचवा हिस्सा राहिला आणि गुंड्याने दिवसभराचा चोथा संपवला असं समजलं, तर त्याच्या पोटात 180 मिलिग्रॅम गेलं. आठ किलोला किलोमागे वीस-बावीस. तुम्ही वर्णन केलेली रात्र या आकड्याशी तंतोतंत जुळते. बेचैनी, धाप, उलटी, लघवी, पण झटके नाहीत आणि सकाळी शांत.

तरीही मी त्याला हात लावून तपासलेलं नाही, म्हणून एक शक्यता उघडी ठेवतो. 2017 साली आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय घराघरात रुजली. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर उष्टं, भाज्यांची देठं, चोथा असं सगळं एका डब्यात, रात्रभर, तेही उन्हाळ्यात मुरत पडलेलं असतं. शिळ्या पोळीवर, पनीरवर आलेल्या काही बुरश्यांच्या विषानेही कुत्रा थरथरतो. त्यात अख्खं अंग सतत कापतं, चालताना तोल जातो. गुंड्या तोल न जाता फेऱ्या मारत होता, म्हणून माझा कौल चोथ्याकडे आहे. घरी खतासाठी कचरा जिरवत असाल तर तो ड्रमही बंद ठेवा.

एक गैरसमज दूर करतो, कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. "कुत्र्याला कॅफीन पचतच नाही" असं लोक लिहितात. ते बरोबर नाही. कुत्र्याच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, माणसाला साधारण पाच. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन हे कॅफीनचं भावंड, त्याचा निचरा मात्र कुत्र्यात खरोखरच फार मंद आहे, निम्मं व्हायलाच साडेसतरा तास. म्हणून चॉकलेट खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस त्रास काढतो. कॅफीनच्या बाबतीत किलोमागे हिशोब केला तर माणसाचा आणि कुत्र्याचा प्राणघातक आकडा फार लांब नाही. मोठ्या माणसाला साधारण 10 ग्रॅम शुद्ध कॅफीन जीवघेणं मानतात, म्हणजे किलोमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आगेमागे. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. आपण साठ-सत्तर किलोचे आणि घोट-घोट पितो. कुत्रा पाच-दहा किलोचा आणि डबा फोडून पत्तीच खातो.

आणि इथेच रोजच्या बशीबद्दल माझं खरं म्हणणं सुरू होतं. कोरडी पत्ती, कॉफीची पूड, कॅफीनची गोळी, हे सगळं चवीला कडू. ज्या कुत्र्याला या वासाशी काही देणंघेणं नाही तो बहुधा हुंगून सोडून देतो. आपण मात्र रोज दोनदा दूध, साखर आणि बिस्किटासोबत तोच वास त्याला देतो. त्याच्या लेखी तो वास म्हणजे बाबांची बशी, गोड पदार्थ, घरातल्या माणसांसोबत बसण्याची वेळ. मग एक दिवस तोच वास कचऱ्याच्या डब्यातून येतो, ओट्यावरच्या पाकिटातून येतो, आणि तो निःशंकपणे तोंड घालतो. बशीतल्या चहाने गुंड्याला तीन वर्षांत काही केलं नाही हे खरं. डब्याकडे त्याला नेलं ते मात्र त्या बशीनेच, असं मला वाटतं. माझ्याकडे चहा-कॉफीची विषबाधा घेऊन आलेल्या बहुतेक घरांत आधीपासून बशी चालू होती.

कोरडी पत्ती किती वेगळी गोष्ट आहे ते एका बीगलवरून सांगतो. चिकू, दहा किलोचा, टिळकनगरातला. डिसेंबरातली रात्र, घरचे लोक लग्नाच्या स्वागत समारंभाला गेलेले. परत आले तर स्वयंपाकघरभर पत्ती सांडलेली आणि पाव किलोचं पाकीट फाटलेलं. त्या घरातल्या मुलीने एक फार शहाणपणाचं काम केलं. खाली सांडलेली पत्ती झाडून पाकिटात भरली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. 225 ग्रॅम भरली. म्हणजे 25 ग्रॅम पोटात, साडेसातशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन, किलोमागे 75. ते दवाखान्यात पोचायच्या आधी मला फोनवर हा आकडा कळला होता, त्यामुळे मी सगळी तयारी करून दारातच उभा होतो.

चिकूला टेबलावर ठेवलं तेव्हा तो एका जागी राहत नव्हता. चारही पाय सारखे हलत होते, बाहुल्या पूर्ण पसरलेल्या, हिरड्या विटेसारख्या लाल. मांडीच्या आत बोट ठेवून नाडी मोजली तर पंधरा सेकंदांत 55, म्हणजे मिनिटाला 220. निरोगी बीगलची नाडी शंभर-एकशेवीसच्या आत असते. अंगात 105 डिग्री ताप. हा ताप जंतूंचा नव्हता, स्नायू सतत ओढले गेल्याने अंग तापलं होतं. सुई लावतानाच त्याला झटका आला. डायझेपाम शिरेतून हळूहळू दिलं, झटका थांबला, मग ईसीजीची पट्टी काढली. तीन-चार सरळ ठोके, मध्येच एक रुंद, वाकडा ठोका, पुन्हा तीन सरळ.

आता त्याला उलटी करवता येत नव्हती. झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुप्फुसात जाते. म्हणून भूल देऊन, श्वासनळीत नळी टाकून, पोट धुतलं. बादलीत येणारं पाणी आधी तपकिरी, मग काळं, आणि त्यात दुप्पट फुगलेली पत्ती. सगळ्या खोलीत कडक चहाचा वास पसरला होता. पोट धुवायच्या नळीतूनच चारकोल, म्हणजे औषधी कोळसा, पोटात सोडला, उरलेलं कॅफीन त्याला चिकटून राहावं म्हणून. सलाईन चालू, लय ताळ्यावर आणायला प्रोप्रॅनोलॉल, अंगावर ओला टॉवेल, पंखा. मूत्राशयात कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी. पहाटे चारला नाडी 150 वर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने भाताचे चार घास खाल्ले.

शरीरात नेमकं काय होतं ते थोडक्यात. मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ असतो, "आता दमलास, थांब" हा निरोप तो देतो. कॅफीन त्या निरोपाची जागा अडवून बसतं. शिवाय अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं वाढतात आणि स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम जास्त सुटतं. हृदय हाही स्नायूच, त्यामुळे तो जोरात आणि बेताल आकसतो. याच्यावर थेट उतारा असा नाही. म्हणजे "अमुक इंजेक्शन मारलं की विष उतरलं" असं काही नसतं. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत हृदय, ताप आणि झटके सांभाळून धरायचे, एवढंच आमच्या हातात असतं.

कॅथेटर का लावला हे सांगायलाच हवं, कारण ते मी चूक करून शिकलोय. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक छोटा पॉमेरेनियन कॉफीची पूड खाऊन आला होता. वेळेत आला, उलटी करवली, तासाभरात शांत झाला. रात्री नऊला मी त्याला घरी पाठवलं. दोन वाजता फोन, कुत्रा पुन्हा थरथरतोय. झालं असं होतं की कॅफीन लघवीत उतरतं, पण लघवी तुंबून राहिली तर मूत्राशयाच्या भिंतीतून ते परत रक्तात शिरतं. काही भाग पित्तातून आतड्यात येतो आणि तिथूनही पुन्हा शोषला जातो. त्या कुत्र्याने आठ तास लघवीच केली नव्हती, आणि मी ते विचारलंही नव्हतं. तो वाचला. त्यानंतर असा कुत्रा मी घरी पाठवला तर दर दोन तासांनी बाहेर नेऊन लघवी करवा असं कागदावर लिहून देतो, आणि गरज असेल तर चारकोल पुन्हा देतो. परवा रात्री गुंड्याने चार वेळा लघवी केली म्हणून तुम्ही वैतागला असाल, पण त्याने त्याचंच भलं झालं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते. वजन सांगून झालं. वय महत्त्वाचं. स्पिट्झ आणि पॉमेरेनियनमध्ये उतारवयात हृदयाची झडप गळते, अशा कुत्र्याला गुंड्याने सहज सोसलेली रात्र जड जाईल. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला 60 चा आकडा लागत नाही. गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांपर्यंत कॅफीन पोचतं, दूध पाजणारीच्या दुधातही उतरतं. आणि औषधं. खोकल्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते कॅफीनच्याच कुळातलं आहे, दोघांची बेरीज होते. एन्रोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स या कुळातल्या पदार्थांचा निचरा मंदावतात. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा चालू औषधं न विचारताही सांगा.

पुन्हा अशी रात्र आली तर काय करायचं, हा तुमचा सगळ्यात कामाचा प्रश्न. पहिली गोष्ट घड्याळ बघा. खाल्ल्यापासून तास-दोन तासांच्या आत आणि कुत्रा अजून अगदी नेहमीसारखा असताना डॉक्टरांकडे पोचलात, तर एका इंजेक्शनने उलटी करवून बराचसा माल बाहेर काढता येतो. लक्षणं साधारण अर्ध्या ते दोन तासांत दिसायला लागतात. ती दिसली की हा सोपा रस्ता बंद होतो, मग चिकूसारखं सगळं करावं लागतं. "बघू या काही होतंय का" असं म्हणून थांबणं ही लोकांच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक. कुत्रा ठणठणीत दिसतोय तोच वेळ निघायचा असतो.

मिठाचं पाणी पाजू नका. हे मी हात जोडून सांगतो. भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगची मुलं खोल्या करून राहतात, तिथल्या दोन मुलांनी रस्त्यावरचं एक पिल्लू पाळलं होतं, तीन किलोचं. अभ्यासासाठी जागायला आणलेल्या कॅफीनच्या गोळ्या, एकेक 200 मिलिग्रॅमची, त्यातल्या दोन त्याने चावून खाल्ल्या. किलोमागे 130 च्या वर. मुलांनी मोबाइलवर वाचून मिठाचं पाणी पाजलं, ते उलटलं नाही, पुन्हा पाजलं. माझ्याकडे आले तेव्हा सहा तास झाले होते. कॅफीन होतंच, त्यावर रक्तातलं सोडियम वर गेलेलं. पिल्लू वाचलं नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं, घरापासून लांब, ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती. त्यांनी मायेपोटीच केलं होतं सगळं, त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

दूध-तुपानेही कॅफीन बांधलं जात नाही. उलट धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं तूप श्वासनळीत जाऊ शकतं, आणि एकदम पोटात गेलेल्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. गुंड्याला तूप दिलंयत, म्हणून पुढचे तीन-चार दिवस लक्ष ठेवा. खाणं सोडलं, पुन्हा उलट्या झाल्या, पोट आवळून पाठीची कमान करून उभा राहायला लागला, तर लगेच दाखवा. घशात बोटं घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल वाचाल, तेही डॉक्टरांनी फोनवर वजन विचारून सांगितल्याशिवाय नको, त्याने पोटात जखमा होतात. पग, शिह त्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांत तर घरी उलटी करवण्याचा विचारही करू नका.

निघताना पाकीट, डबा, गोळ्यांची पट्टी सोबत घ्या. उलटी झाली असेल तर ती पिशवीत भरून आणा, तिच्यातून आम्हाला फार कळतं. गाडीत खिडकी उघडी ठेवा, गाणी बंद, त्याला हलवून-हाका मारून जागं ठेवायचा प्रयत्न करू नका. आवाजाने आणि स्पर्शाने झटका लवकर येतो. दवाखान्यात खरं सांगा. थरथरणारा कुत्रा कॅफीनचा असतो, उंदराच्या औषधाचा असतो, गोचिडांवर लावलेल्या कीटकनाशकाचाही असतो, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. महाशिवरात्र-होळीच्या दिवसांत माझ्याकडे भांग खाल्लेले कुत्रेही येतात, आणि घरचे लाजून सांगत नाहीत. तो कुत्रा झिंगतो, लघवी गळते, बऱ्याचदा नाडी मंद आणि अंग थंड असतं. कॅफीनच्या नेमकं उलट. त्याला कॅफीनचा समजून नाडी उतरवणारं औषध दिलं तर काय होईल याची कल्पना करा. आम्हाला तुमच्या घरात भांग का होती याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तुमच्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आणि रात्री उघडा असणारा एक दवाखाना आजच विचारून ठेवा, आणि गुंड्याच्या ताज्या वजनासकट फ्रिजवर लिहून लावा.

घरात आणखी कुठे कुठे कॅफीन आहे ते बघा, कारण चहा हा त्यातला सौम्य प्रकार आहे. इन्स्टंट कॉफीच्या एका सपाट चमच्यात 50-60 मिलिग्रॅम. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये 75 च्या आसपास. डोकेदुखी-सर्दीच्या काही गोळ्यांत 30 ते 60, पण त्यांच्यात पॅरासिटामॉलही असतं आणि ते कुत्र्याच्या यकृताला, मांजराच्या तर जिवालाच घातक. मुलगा जिमला जात असेल तर व्यायामाआधी घ्यायची पावडर बघा, एका स्कूपमध्ये दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम असू शकतं आणि डबा गोड वासाचा. मला आजकाल सगळ्यात जास्त भीती या डब्यांची वाटते. डाव्या कोपऱ्यात ठेवलेली जिमची बॅग, चेन अर्धी उघडी, आणि घरी एकटा कुत्रा. दिवाळी-राखीला येणारं डार्क चॉकलेट ग्रॅममागे साधारण पाच मिलिग्रॅम कॅफीन आणि थिओब्रोमीन मिळून देतं, म्हणजे शंभर ग्रॅमचा एक बार गुंड्याला झटक्यांपर्यंत नेऊ शकतो. गुलाबाच्या कुंडीत चोथा किंवा कॉफीचा गाळ घालत असाल तर मातीखाली दाबा.

कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा असला तरी कुत्रा तो नाकाने उघडायला शिकतो. सकाळची गाडी येईपर्यंत तो ओट्यावर किंवा दार लागणाऱ्या बाल्कनीत ठेवा. पत्ती-कॉफी वरच्या फळीवर, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत.

राहिली बशी. ती बंद करा, पण बशी काढून घेऊ नका. कुत्र्याला चहाची तलफ असते त्याहून जास्त त्या वेळेची असते. बाबा खुर्चीत बसतात, कप वाजतो, बशी खाली येते. सासऱ्यांना सांगा, बशी तीच, वेळ तीच, जागा तीच, हातही त्यांचाच. आत फक्त कोमट पाण्यात चमचाभर आंबट नसलेलं दही घोळून द्या, बिनसाखरेचं. किंवा कोंबडी शिजवलेलं पाणी, मीठ, कांदा, लसूण न घालता. बिस्किटाचा अर्धा तुकडा साधा असेल तर राहू द्या, चॉकलेटचा नको, आणि "शुगर-फ्री" तर अजिबात नको, त्यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात कोसळते.

पहिले दोन-तीन दिवस गुंड्या बशी हुंगून बाबांच्या तोंडाकडे बघेल, कदाचित भुंकेलही. तेव्हा त्यांचं मन विरघळेल, एक घोट ओतावासा वाटेल. त्या दिवसांत त्यांनी आपला चहा गुंड्या फिरायला गेल्यावर घ्यावा, हे जमलं तर फार बरं. माझ्याकडच्या बहुतेक कुत्र्यांनी आठवड्याभरात नवी बशी चाटून पुसून ठेवली आहे. आणि पुढच्या लसीला गुंड्याला आणाल तेव्हा सासऱ्यांनाही सोबत आणा. मी गुंड्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवेन आणि त्यांच्या कानाला लावून देईन, झडपेचा आवाज स्वच्छ आहे की नाही ते दोघं मिळून ऐकू.